एक कोटी वर्षांचं खोटं

टिंटो नदीचा पहिला फोटो आला तेव्हा मी ख्राइस्टचर्चच्या पूर्व भागात एका मोकळ्या प्लॉटवर गमबूट घालून चिखलात उभी होते. सकाळचे आठ वाजले होते. भूकंपानंतर तिथली घरं पाडली गेली. आता तिथं पुन्हा काही बांधायचं झालं तर आधी जमिनीत भोक पाडून खाली काय आहे ते बघावं लागतं, आणि ते बघणं हे माझं काम. ड्रिलर नळीतून मातीचा लांब गज बाहेर काढतो, पेटीत आडवा ठेवतो, आणि मी वाकून लिहिते: करडी बारीक वाळू, ओली, सैल. मग दीड मीटर खाली पुन्हा: करडी बारीक वाळू, ओली, सैल. कितीतरी वर्षं मी हेच वाक्य लिहितेय.

फोटोत नदी होती आणि तिचं पाणी लाल होतं. गाळलेल्या कोकमाच्या आगळासारखं लाल, आणि काठावरच्या दगडांवर पिवळी, केशरी पुटं चढलेली. खाली माझ्या मैत्रिणीनं लिहिलं होतं, ‘अगं, हे असं का आहे? पटकन सांग ना, हा विचारतोय.’ हा म्हणजे तिचा नवरा.

मी हातमोजा काढला आणि गारठलेल्या बोटांनी टाइप केलं. डोंगरात लोखंडाची आणि गंधकाची खनिजं आहेत, हजारो वर्षं तिथं खाणी चालल्या, पाणी ॲसिडसारखं आंबट झालंय, त्या पाण्यातही जगणारे जिवाणू आहेत, आणि मंगळावर जीव असेल तर कसा असेल हे शोधणारे शास्त्रज्ञ इथं येऊन बसतात. तिनं लाल बदाम पाठवला. दहा मिनिटांनी माझे तेच शब्द, तसेच्या तसे, ऑकलंडच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आले. वर फक्त ‘नमस्कार मंडळी’ एवढं तिचं होतं. त्यावर भराभर अंगठे उठले. एका बाईंनी लिहिलं, ‘किती सुंदर लिहितेस गं तू! पुस्तकच काढ.’

मीही अंगठा दिला. नाही दिला असता तर दिसलं असतं.

“ऑल गुड?” ड्रिलरनं विचारलं. मी बराच वेळ पेन हातात धरून नुसतीच उभी होते.

“माझी मैत्रीण स्पेनमध्ये फिरतेय,” मी म्हटलं.

“स्वीट ॲज,” म्हणजे इकडच्या बोलीत झकास, तो म्हणाला आणि पुढची नळी लावली.

त्याला तरी कसं कळणार? ती नदी माझी होती.

मी आणि ती पुण्यात एकाच कॉलेजात भूशास्त्र शिकलो. महाराष्ट्रात भूशास्त्र शिकायचं म्हणजे काळा दगड शिकायचा. जुन्नरला जा, काळा. नाणेघाटात जा, काळा. वाघोलीच्या खाणीत त्या काळ्या दगडाच्या पोटात पांढरे-हिरवे स्फटिक सापडायचे, तेवढीच आमची चैन. पुस्तकांत मात्र थर असायचे. समुद्राच्या तळाशी साचलेले, मग वळलेले, उचललेले, उभे राहिलेले. आमच्या विभागाच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात स्पेनच्या उत्तर किनाऱ्याचा एक फोटो होता. समुद्रकाठचा कडा, आणि त्यात हजारो थर उभे. बेकरीतली खारी उभी करून ठेवावी तसे. त्याच थरांत बोटभर जाडीची एक काळपट रेघ आहे, तिच्या खाली डायनासोरांचा काळ आणि वर त्यांच्याशिवायचा, असं खाली छापलं होतं. ते वाचून मी फील्डच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी सुरू केली. पुढं तीत दक्षिणेकडून उत्तरेकडे एक अख्खा रस्ताच तयार झाला: लाल नदी, चुनखडीच्या चळती, लाल सुळके, मातीचं वाळवंट, आणि शेवटी तो किनारा.

ती तेव्हा माझ्याशेजारी बसून वडापाव खात होती. “मलाही घे तुझ्या यादीत,” म्हणाली. तिला दगडांचं फार वेड नव्हतं. तिला बोलायचं वेड होतं आणि बोलणं तिला देवानं दिलं होतं. तिच्या फील्डच्या नोंदी मी पुऱ्या करायचे. तोंडी परीक्षेत मात्र ती माझ्या पुढं असायची, कारण मला येत असलेलं तिला सांगता यायचं.

न्यूझीलंडलाही आम्ही बरोबरच आलो, शिकायला. ऑकलंडमध्ये, न्यू लिनला एका फ्लॅटच्या एका खोलीत दोघी राहिलो. ती एका डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, काउंटरला उभी राहायची. मी सफरचंदं पॅक करायचे. शिक्षण संपल्यावर मला ख्राइस्टचर्चला काम मिळालं. तिला काही मिळेना, म्हणून ती ऑकलंडमध्येच, ईस्ट टामाकीच्या एका गोदामात तात्पुरती लागली आणि तिथंच वर चढत गेली. आज सगळं गोदाम ती चालवते. तिच्याकडे वेळ असतो, माणसं असतात, हसू असतं. माझ्याकडे वाळू आहे.

‘मुली जरा मोठ्या झाल्या की स्पेन,’ असं आम्ही दर फोनच्या शेवटी म्हणायचो. मग खरोखर ठरलं. सप्टेंबरात जायचं, तीन आठवडे, दोघीच. मी माझ्या नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं. आणि मार्चमध्ये माझी आई पुण्यात बाथरूममध्ये घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी गेले, पाच आठवडे राहिले, वर्षाची सगळी रजा तिथं संपली. परत आले तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. आईची चौकशी झाली, आणि मग ती म्हणाली, “तुझं आता या वर्षी अवघडच आहे ना गं?”

“अवघडच आहे.”

“मग मी काय करू? इकडे माझी रजा मंजूर झालीय. हा म्हणतोय, मी येतो.”

“जा की,” मी म्हटलं.

“खरंच?”

“अगं, खरंच.”

“तुझी ती यादी आहे का गं अजून? फोटो काढून पाठव ना.”

सापडत नाही असं सांगता आलं असतं. पण ती वही माझ्या टेबलाच्या खणात होती, आणि मी पाठवली. शेवटचं पान, माझ्या विशीतल्या अक्षरात.

तर ती गेली, आणि माझी यादी रोज सकाळी आठ वाजता मला फोटोंमधून परत यायला लागली. तिकडे रात्र झालेली असायची. ती हॉटेलात पाय पसरून दिवसभराचे फोटो पाठवायची, आणि मी चिखलात.

टोर्काल नावाच्या डोंगरावरची चुनखडी आली. पाणी आणि वाऱ्यानं चिरत नेलेली, एखाद्या थोर सुगरणीनं भाकऱ्यांच्या चळती रचून ठेवाव्यात आणि त्या दगड व्हाव्यात तशी. एका दगडात अमोनाईटचं वेटोळं होतं, ताटाएवढं, आणि त्याच्याशेजारी माप कळावं म्हणून तिच्या नवऱ्यानं आपलं पाऊल ठेवलं होतं. जँडल घातलेलं! पंधरा कोटींच्या घरातलं वय असलेल्या शंखाशेजारी निळी रबरी चप्पल. मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. अमोनाईटच्या रेघा मोजता येतात का पाहिलं. अंगठ्याचं नख तेवढं स्पष्ट दिसत होतं.

रिग्लोसचे लाल सुळके आले. गावातली घरं पायथ्याशी, आणि त्यांच्या पाठीला एकदम शेकडो फूट सरळ उभे खांब. तिनं विचारलं, ‘हे लाव्हाचे का गं?’ मी लिहिलं, नाही, नदीनं वाहून आणलेले गोटे आहेत, एकमेकांना चिकटून घट्ट झालेले, जवळून बघ, गोटे दिसतील. तिनं जवळून फोटो पाठवला. खरंच दिसत होते, चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे. वर गिधाडं घिरट्या घालत होती. ग्रुपवर लगेच: ‘मंडळी, हा लाव्हा नव्हे बरं का!’

“बरं का,” मी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हटलं.

माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, “मॉम, आर यू जेलस?”

“मी कशाला जळू?”

“यू आर हीप्स जेलस.”

मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

मी नक्की कशावर जळत होते, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तिनं पाहिलं आणि मी नाही, एवढंच नव्हतं. दगडांचीच भूक असती तर ती इथंही भागली असती. त्या डायनासोरच्या रेघेचंच घ्या. तसाच थर ख्राइस्टचर्चपासून तासाभरावर एका नदीच्या काठी आहे. मी कामावरच्या लोकांबरोबर दोनदा तो पाहून आलेय, सँडविच खाऊन परत. मला खुपत होतं ते हे की ती माझं स्वप्न फार सहज जगत होती. तिला ते जडच झालं नाही. जाताना तिनं एक पुस्तक वाचलं नाही, एक नकाशा पाहिला नाही. मातीच्या वाळवंटात, बार्देनासला, पाऊस झाला आणि गाडी त्या चिकट मातीत रुतली. मला वाटलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला: एक शेतकरी ट्रॅक्टरनं त्यांची गाडी ओढून काढतोय, ती त्याच्याशी मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलतेय, तो हसतोय, आणि मागं तो उंच मातीचा खांब, डोक्यावर दगडाची टोपी घातलेला, संध्याकाळच्या उन्हात सोनेरी. चिखलात रुतूनसुद्धा तिला मिळालं ते हे. मी रोज चिखलात असते, मला ओढून काढायला ट्रॅक्टर येत नाही.

शेवटचा मुक्काम सुमाया, तो किनारा.

त्या दिवशी तिनं फोटो पाठवले नाहीत, सरळ व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळचे नऊ, इकडे संध्याकाळचे सात. मी पोळ्या लाटत होते. फोन तेलाच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि त्यात एकदम तो कडा आला. पुस्तकातला फोटो काळा-पांढरा होता. इथं थर राखाडी, पिवळसर, गुलाबी होते आणि लाटांखालीसुद्धा तसेच पुढं गेलेले दिसत होते. तवा तापून धूर यायला लागला तरी माझं लक्ष नव्हतं.

“अगं, बघ! बघतेयस ना?” तिचा आवाज वाऱ्यात तुटत होता. “तुझी ती रेघ कुठंय? मला तिच्यावर हात ठेवून फोटो काढायचाय. आम्ही दुपारी बिल्बाओला निघणार, उद्या विमान. लवकर सांग.”

मला रेघ कुठं आहे ते माहीत होतं. त्या किनाऱ्याचे नकाशे मी इतक्या वेळा पाहिलेत की डोळे मिटून चालेन. रेघ त्या पुळणीवर नाही. ती पलीकडच्या छोट्या खाडीत आहे, आणि तिथं फक्त ओहोटीला, खडकांवरून चालत जाता येतं. भरतीच्या वेळा मी आदल्या दिवशीच बघून ठेवल्या होत्या, तिच्यासाठी म्हणूनच. त्या क्षणी भरती चढत होती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती. बिल्बाओ तासाभराच्या अंतरावर. तिनं संध्याकाळपर्यंत थांबायचं, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं.

“तुझ्या मागं बघ,” मी म्हटलं. “तो गडद मऊ मातीचा पट्टा दिसतोय? आजूबाजूच्या दगडांपेक्षा आत गेलेला?”

“हा? हा तांबूस?”

“हो. तोच.”

तो तो नव्हता. तो पट्टाही मोठा मानाचा आहे. पृथ्वी एकदा अचानक तापली होती, त्या काळाचा तो गाळ. पण डायनासोर जाऊन तेव्हा एक कोटी वर्षं उलटली होती. हे मला पोळी लाटता लाटता पक्कं ठाऊक होतं. माझी जीभ अडखळली नाही, हे मला आजही आठवतं. भरतीत तिकडे जाणं धोक्याचं होतं, म्हणून मी तसं सांगितलं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ‘संध्याकाळी जा’ म्हणण्यात कसला धोका होता?

ती धावत गेली. नवऱ्यानं फोन धरला होता. तिनं त्या पट्ट्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तशीच राहिली, पाठमोरी. मग वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

“वाऱ्यानं,” ती म्हणाली.

मी पोळी उलटली. ती करपली होती. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, हे लिहायला लाज वाटते, पण नाही वाटलं. उलट छातीवरचं काहीतरी हलकं झालं. रेघ अजून माझीच होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

महिन्याभरानं मंडळानं ठरवलं, की तिनं स्पेनचे फोटो सगळ्यांना दाखवावेत. न्यू लिनला, स्टेशनजवळच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. तिचा फोन आला, “तू यायलाच हवंस. तिकीट मी काढते.”

“मी काढीन,” मी म्हटलं आणि गेले. का गेले? मला ते खोटं पडद्यावर मोठं झालेलं बघायचं होतं, असं मला वाटतं.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. मागं चहाचं पातेलं, साबुदाण्याची खिचडी, पळणारी मुलं. तिनं माइक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य बोलली, “ही ट्रिप माझी नाही.” मग पडद्यावर माझ्या वहीचं शेवटचं पान आलं. माझं विशीतलं अक्षर, कोपऱ्यात तेलाचा डाग, भिंतभर मोठा. “ही ट्रिप हिची आहे,” ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “ग्रुपवर मी जे जे शहाणपण पाजळलं ते हिनं चिखलात उभं राहून मला टाइप करून दिलेलं होतं. मी फक्त चिकटवत होते. तुम्ही सगळे मला पुस्तक काढ म्हणत होतात, तेव्हा मला इतकं हसू येत होतं! आजपर्यंत सांगितलं नाही, कारण मला हे हिच्या तोंडावर, तुमच्या सगळ्यांसमोर सांगायचं होतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत आक्रसून बसले. शेजारच्या बाई माझा दंड थोपटत होत्या.

लाल नदी गेली, भाकऱ्यांच्या चळती गेल्या, जँडलवर हशा झाला. ट्रॅक्टरवर जास्तच. आणि शेवटी तो फोटो आला: पाठमोरी ती, तांबूस पट्ट्यावर ठेवलेला हात. ती पडद्याकडे वळली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीनं हात वर केला. “हाउ डू यू नो इट्स द डायनासोर लाइन?”

“ते ही सांगेल,” मैत्रीण म्हणाली आणि माइक माझ्यापुढं धरला.

मी उठले. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. हसत हसतही सांगता आलं असतं: थांबा, जरा गडबड झालीय. त्याऐवजी मी त्या मुलीला सांगायला लागले. आकाशातून आलेला दगड, जगभर पसरलेली धूळ, त्या धुळीत सापडणारा एक दुर्मीळ धातू. मग मी म्हटलं, की त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात जमीन फाटून लाव्हा वाहत होता, थरावर थर, आणि तोच थंड होऊन सह्याद्री झाला. म्हणजे या रेघेत आणि आपल्या काळ्या दगडात एकच काळ आहे. तिकडे तो बोटभर आहे आणि आपल्याकडे डोंगराएवढा. मुलगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मागची मुलंसुद्धा थांबली होती. मी सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त मागचा फोटो दुसऱ्याच दगडाचा होता.

टाळ्या मलाही मिळाल्या. आयुष्यात पहिल्यांदा, बोलण्यासाठी. आणि त्या मला आवडल्या. मैत्रीण टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यांत पुढं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला विमानतळावर सोडलं. गाडी पार्क करून ती उतरायला लागली, तेव्हा मी म्हटलं, “थांब. तो पट्टा तो नव्हता.”

“कुठला पट्टा?”

“तू हात ठेवलास तो. खरी रेघ पलीकडच्या खाडीत आहे. मला माहीत होतं.”

तिला आधी वाटलं, मी चेष्टा करतेय. “मग चुकली असशील. त्यात काय?”

“चुकले नाही. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम दुसरा दाखवला. संध्याकाळी ओहोटी होती. तेही माहीत होतं.”

तिनं हात स्टिअरिंगवर ठेवले. शेजारच्या गाडीतून एक कुटुंब उतरलं, ट्रॉलीवर बॅगा चढवल्या, निघून गेलं.

“कितीचा फरक आहे?” तिनं विचारलं.

“एक कोटी वर्षांचा.”

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही.

“मी तिथं रडले होते,” ती म्हणाली. “वाऱ्यानं नाही. तू तिथं नव्हतीस म्हणून. मला वाटत होतं, मी तुझ्या जागी हात ठेवतेय.”

“तू माझ्याशिवाय गेलीस,” मी म्हटलं. तोंडातून आलं ते हेच. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, आणि शाळेतल्या मुलीसारखं.

“मी तुला विचारलं होतं. तू ‘जा की’ म्हणालीस.”

“तुला कळायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. “मला कळलं होतं. तरी गेले.” मग खूप हळू म्हणाली, “मी रोज बारा-बारा तास खोकी मोजते गं. तुझ्या पेटीत निदान माती तरी असते. मलाही एकदा दगडांपाशी जायचं होतं. आणि काल तू सगळ्यांसमोर, त्या एवढ्याशा मुलीला…”

ती उतरली, डिकी उघडली, माझी बॅग खाली ठेवली. मिठी मारली नाही. “पोचलीस की मेसेज कर,” म्हणाली, सवयीनं.

मी विमानात असताना तिनं ग्रुपवर लिहिलं. ‘मंडळी, काल दाखवलेला शेवटचा फोटो डायनासोरच्या थराचा नाही. तो नंतरच्या काळाचा आहे. माझी चूक झाली. त्या छोट्या मुलीला कुणीतरी आवर्जून सांगा.’ माझी चूक, असं लिहिलं होतं तिनं. उतरल्यावर मी ते वाचलं. खाली चार अंगठे होते, आणि पाचवा मेसेज विचारत होता, की खिचडीचा मोठा डबा कुणाकडे राहिलाय. मी लिहायला घेतलं, की चूक तिची नाही, माझी आहे. खोडलं. पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. त्यावर कुणीच काही म्हटलं नाही. डबा सापडला.

त्यानंतर पाच महिने ती माझ्याशी नीट बोलली नाही. दिवाळीला सगळ्यांना जातो तो फॉरवर्ड केलेला दिवा मलाही आला. मी दोनदा फोन केला, तिनं कामात आहे म्हणून ठेवला. तिला लांब पत्र लिहिलं, ते तिला मिळालं एवढंच तिनं कळवलं. माझ्या मुलीनं एकदा विचारलं, “डिड यू गाइज ब्रेक अप?” मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दॅट्स प्रिटी मीन, मॉम.” मी म्हटलं, हो.

मग फेब्रुवारीत मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, की ती ऑकलंडमध्ये दर शनिवारी दगड बघत फिरणाऱ्या एका हौशी मंडळींच्या गटात जाते. पश्चिमेच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यांवर जातात, ज्वालामुखी चढतात. गळ्यात भिंग अडकवलेला तिचा फोटोही मी पाहिला. डोक्यावर टोपी, गाल उन्हानं लाल, शेजारी पाच-सहा जण तिचं ऐकतायत. आणि तीच ती जुनी कळ माझ्या छातीतून गेली. ती आता दगडांतही माझ्या पुढं जाणार, आणि तिथंही तिला ऐकणारी माणसं मिळणार! इतकं सगळं होऊन, इतकी लाज वाटूनही ती कळ गेली नव्हती. मला वाटतं, ती जाणारही नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी फोन वाजला. तिचा होता. मागं समुद्राचा आवाज.

“कामाचं आहे,” ती म्हणाली. “फोटो पाठवलाय, बघ. कड्यात खालपासून वरपर्यंत पट्टे आहेत, एक जाड, एक बारीक. वाळूचे आहेत का राखेचे?”

मी फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला. “वर हात फिरवलास तर खरखरीत लागतंय का?”

“थांब.” मग वाऱ्याचा आवाज. “जाड्याला खरखरीत. बारक्याला नाही, ते मऊ आहे.”

“मग जाडे पट्टे ज्वालामुखीच्या खड्या-वाळूचे. समुद्राच्या तळाशी घसरत येऊन बसलेले. मधले बारके चिखलाचे.”

“नक्की?”

“नक्की.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मी इथं आणखी एकांना विचारते हं.”

“विचार,” मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला. तासाभरानं मेसेज आला: ‘ते पण तेच म्हणाले.’ त्याच्याखाली थोड्या वेळानं आणखी एक: ‘आईचं कसं आहे?’

मी लिहिलं, की आई आता काठी न घेता जिना उतरते.